बिनचहाचे पाहुणे

जर्मनीत दाराची बेल वाजली की एकतर पार्सल असतं नाहीतर खालच्या मजल्यावरची बाई, रविवारी ड्रिल का चालवलंस म्हणून भांडायला आलेली. तिसरं कोणी येत नाही. मित्रसुद्धा तीन आठवडे आधी कॅलेंडर बघून येतात. त्यामुळे नोव्हेंबरात एका संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी पार्सलच्या हिशोबाने अनवाणी जाऊन दार उघडलं, तर समोर दोन गोरी पोरं, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि पावसाने केस कपाळाला चिकटलेले. उंच पोराने पाठ केलेल्या जर्मनमध्ये सुरुवात केली, मी इंग्लिशमध्ये "काय?" विचारलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की परीक्षेत ऑप्शनला टाकलेला धडा आलाच नाही.

जर्मन माणूस अशा वेळी "नको, धन्यवाद" म्हणतो आणि दार लावतो. माझ्या तोंडून मात्र "या ना, आत या" हे मेंदूला न विचारताच निघतं. शिवाय मागे आई उभी. ९० दिवसांच्या व्हिसावर कराडहून आलेली आणि चाळीस दिवसांत घरी एकही पाहुणा न आल्याने पार कासावीस झालेली.

"चहा टाकते," आई म्हणाली, आणि इथून आमचा छळ सुरू झाला.

कारण ती पोरं मॉर्मन मिशनरी होती, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक. आता त्यांच्यात मॉर्मन म्हणत नाहीत, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलंय, पण ते नाव एवढं लांब आहे की म्हणेपर्यंत चहा उकळून आटतो. तर त्यांच्यात १८३३ पासून चहा-कॉफी वर्ज्य. हॉट चॉकलेट चालतं, म्हणजे गरमपणाशी भांडण नाही, चहाशीच आहे. हे आईला समजावताना माझी दमछाक झाली. "दूध जास्त घालते की," ती म्हणाली. मग तिला पिशवीतून आणलेला वाळवलेला गवती चहा आठवला. मी पोरांना सांगितलं की हा चहा नाही, गवत आहे, तुमच्यात गवत चालतं ना. उंच एल्डरने विचारलं, मग आई याला चहा का म्हणतात? दोघं एकमेकांकडे बघत बसली. शेवटी ताकावर तडजोड झाली.

हो, एल्डर. पाटीवर आडनावाच्या आधी एल्डर लिहिलेलं असतं, म्हणजे वडीलधारे. वय वर्षं १९, मिसरूड अजून विचार करतंय. आई म्हणाली, "दोघंही वडीलधारे? मग धाकटा कोण?" मी बुटक्याकडे बोट दाखवलं आणि तेच नाव पडलं.

नंतर ती दर आठवड्याला यायला लागली आणि हळूहळू त्यांची दिनचर्या कळली, जी ऐकून माझे इंजिनिअरिंगचे हॉस्टेलचे दिवस म्हणजे ऐश वाटायला लागली. पहाटे साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग दिवसभर दारं वाजवत किंवा रस्त्यात लोकांना थांबवत फिरायचं (जर्मन माणसाला रस्त्यात थांबवणं!), रात्री साडेदहाला दिवे बंद. दोन वर्षं. पगार नाही, उलट महिन्याला ५०० डॉलर घरून किंवा स्वतःच्या साठवणीतून भरायचे. धाकट्याने त्यासाठी दोन उन्हाळे लोकांची लॉन कापली होती. सिनेमा नाही, मुली नाहीत, पोहणंसुद्धा नाही. आणि दोघांनी कायम एकत्र, बाथरूम सोडून चोवीस तास. जोडीदार आपण निवडायचा नाही, वरून येतो, आणि साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात. शिवाय आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून तुझं काय खटकलं, माझं काय खटकलं हे सांगायचं. बायकोला ही कल्पना फार आवडली, मला अजिबात नाही.

आईला मात्र एकच गोष्ट लागली. "दोन वर्षं घरी जायचं नाही?" नाही. फोन? आठवड्यातून एकदा, सोमवारी, कपडे धुवायच्या दिवशी. २०१९ च्या आधी तर ख्रिसमसला एक आणि मदर्स डेला एक, वर्षाला दोनच फोन. आईने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुझ्यापेक्षा बरंच," म्हणाली.

त्यांची जेवणं चर्चमधल्या कुटुंबांकडे ठरलेली असतात, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. हे ऐकल्यावर आईचा चेहराच बदलला. "अरे, ही तर वारावर जेवणारी मुलं!" तिच्या आजोबांच्या घरी शिकणारी मुलं अशी जेवायला यायची. गुरुवार आपला, असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

एकदा गुरुवारी मला ऑफिसात उशीर झाला, बायको जिमला. घरात एकटी बाई असेल तर हे आत जात नाहीत, नियम आहे. आईला इंग्लिश कळेना, त्यांना मराठी, पण पोरं उंबरा ओलांडत नाहीत एवढं तिला कळलं आणि तिने तिच्या परीने तोडगा काढला. मी आलो तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर दोन टायवाले थालीपीठ खात बसलेले, आई दारातून लोण्याचा डबा पुढे करतेय आणि खालची ड्रिलवाली बाई रेलिंग धरून हे बघत उभी. तिलाही एक दिलं होतं.

उपवासाचा घोळ वेगळाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास. हे कळताच आईने खिचडीसाठी साबुदाणा भिजत घातला. आणि मी डबा घेऊन गेलो तर कळलं की दोन जेवणं सोडायची आणि पाणीसुद्धा नाही. "काहीच खात नाहीत? मग उपवास कसला?" आई शेवटपर्यंत पटवून घ्यायला तयार नव्हती.

धर्माचं म्हणाल तर त्यांनी मनापासून प्रयत्न केला. जर्मन भाषेतलं बुक ऑफ मॉर्मन, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, दिलं. आईने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ज्ञानेश्वरीशेजारी ठेवून हळदीकुंकू वाहिलं. यावर काय बोलायचं हे त्यांच्या ट्रेनिंगमध्ये नसावं. त्यांचा एक मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आणि पुण्यात येऊन गेलाय असं मी वाचलं होतं, ते सांगितलं. "मग पुढे काय झालं?" उंचने उत्साहाने विचारलं. मी ताक पुढे केलं.

खाण्याला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं, वाढणं थांबवणं आईला. धाकट्याची अवस्था बघून मी त्याला एक वाक्य शिकवलं, "बास काकू, पोट भरलं." उपयोग शून्य. तो म्हणायचा "बास काकू, पोट भरलं", आई म्हणायची "किती गोड बोलतो बघ" आणि ताटात गरम चपाती पडायची. दर वेळी.

डिसेंबरच्या शेवटी आईचा व्हिसा संपला. जानेवारीत दोघांचीही एकदम बदली झाली, निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. फोनमधल्या अॅपमध्ये पत्त्यांच्या नोंदी पुढच्या जोडीसाठी राहतात एवढं मला माहीत होतं.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली. पार्सल नव्हतं. दोन नवीन पोरं, पांढरे शर्ट, काळ्या पाट्या. पुढच्याने फोनमध्ये एकदा बघून घेतलं, घसा साफ केला, माझ्याकडे बघून मान झुकवली आणि हसत हसत म्हणाला,

"बास काकू, पोट भरलं."

मी आत जाऊन कणिक मळायला घेतली.