दाताचा खुलासा

गेल्या मंगळवारी मी आयुष्यातला पहिला लेखी खुलासा दिला. त्याचा विषय होता, 'इयत्ता पहिलीतील विद्यार्थ्याच्या पडलेल्या दाताबाबत'.

ठाण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी अकरा वर्षे काढली. रात्रपाळी संपवून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची आणि कोपरखैरणे येण्याआधीच डोळा लागून तुर्भ्याला जाग यायची, या प्रकाराला कंटाळून मी घराजवळच्या शाळेत नोकरी धरली. येथे औषध म्हणजे मुख्यतः बर्फ. बेंच लागला, बर्फ. मैदानावर पाय मुरगळला, बर्फ. गणिताच्या तासालाच ज्याचे पोट दुखते, त्याचा ताप 98.6 भरला तरी त्यालाही समाधानापुरता बर्फ. त्यामुळे मुले मला 'बर्फवाल्या टीचर' म्हणतात. मला आडनाव आहे, हे बहुधा फक्त पगारपत्रकालाच ठाऊक असावे.

सोमवारी पहिलीतला एक मुलगा तोंडावर रुमाल धरून आला. खालचा पुढचा दुधाचा दात चिक्कीत अडकून निघाला होता. मी हिरडीवर कापसाची घडी दाबून धरली, रक्त थांबल्याची खात्री केली, नोंदवहीत वेळ लिहिली आणि दात पिवळ्या पिशवीत टाकला. ही पिशवी मी हट्टाने आणवली आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत शाळांच्या प्रथमोपचार खोल्यांचाही उल्लेख आहे, आणि शरीराचा वेगळा झालेला कोणताही भाग पिवळ्या पिशवीतच जायचा, हे माझ्या हातात इतके मुरले आहे की घरी नखे कापतानासुद्धा मी एकदा इकडेतिकडे पिशवी शोधली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आजी आल्या. नऊवारी, काखेत पर्स आणि हातात पितळेची कुंकवाची डबी. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. मी उभी राहिले.

"सिस्टरबाई, दात द्या."

नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लागणार आहे, असे मी सांगितले.

"विल्हेवाट? अहो, दात आहे तो लेकराचा, उष्टं-खरकटं नव्हे!"

"आजी, दुधाचे वीसच्या वीस दात पडायचेच असतात. त्यांच्या जागी पक्के दात आपोआप येतात."

"आपोआप? कौलावर टाकल्याशिवाय?"

"पण तुम्ही चौदाव्या मजल्यावर राहता ना? कौल कुठून आणणार?"

"गावी आहे की, वाईजवळ. शनिवारी निघणारच होते." त्यांनी डबी उघडली. आत हळदीत दोन दात निजले होते. "कौलावर टाकून उंदराला सांगायचं, हा घे आणि तुझा दे. याच्या बापाचे सगळे तसेच टाकले. बघा एकदा त्याची बत्तिशी! आणि तुम्ही नर्स ना? एवढं शिकवत नाहीत तुम्हाला?"

या शेवटच्या प्रश्नावर मी अजूनही मनातल्या मनात उत्तरे तयार करते आहे.

प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेले आणि त्यांनी पिशवी उघडून पाहण्याची सूचना केली. टाकलेला कचरा पुन्हा उपसायचा नाही, हे मी प्रशिक्षणार्थी मुलींना वर्षानुवर्षे ओरडून शिकवले होते. तीच मी हातमोजे चढवून, चिमट्याने रक्ताळलेला कापूस उलगडत बसले आणि आजी शेजारी वाकून "जरा खाली बघा, कोपऱ्यात" असे मार्गदर्शन करत राहिल्या. अखेर दात सापडले. एक नव्हे, दोन. कारण त्याच दिवशी दुसरीतल्या एका मुलीचाही पडला होता.

मी ते निर्जंतुक करून बशीत ठेवले. आजींनी चष्मा कपाळावर सरकवून तांदूळ निवडावेत तसे दोन्ही दात खिडकीच्या उजेडात फिरवले, नातवाला वर्गातून बोलावून आ करायला लावला, उरलेल्या दातांशी रंग ताडून पाहिला आणि एक उचलून हळदीत बुडवला. मग डबी मिटली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा जपून हं."

जपून! अतिदक्षता विभागात रुग्ण दाखल होताना मी त्याच्या अंगठी-मंगळसूत्राबरोबर कवळीचीसुद्धा नोंद करून नातेवाइकाची सही घेत असे. अकरा वर्षांत एकही कवळी इकडची तिकडे झाली नाही आणि एकाही नातेवाइकाने त्याबद्दल शाबासकी दिली नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण ज्या कार्यालयाकडे मी तीन महिने मळमळणाऱ्या मुलांसाठी साधी ट्रे मागते आहे, जे स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात 'तुम्ही रिकाम्याच असता' म्हणून मला फुगे फुगवायला बसवते, त्याच कार्यालयाने दातासाठी मात्र चोवीस तासांत खुलासा मागवला. मी तो तीन प्रतींत दिला.

आता कपाटात लघवीच्या तपासणीच्या लहान डब्या आणून ठेवल्या आहेत. त्यांवर नाव, इयत्ता, तुकडी, दाताची जागा आणि पडल्याची वेळ लिहिते. पहिल्या डबीत दुसरीतल्या त्या मुलीचा दात आहे. तिच्या घरून अद्याप कोणीही आलेले नाही. आजींनी मात्र काल फाटकावर गाठून विचारले, "त्या दुसऱ्या दाताचं काय केलंत? नसेल कोणी नेत तर द्या, शनिवारी मी जातेच आहे."