‘बॉलला पाय लावलाय का कधी?’ : बाला देवीवरच्या लेखाखालील एका प्रतिक्रियेला उत्तर

‘फुटबॉलवेडा’ यांस,

फुटबॉलपटू बाला देवीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून तिचे गोल बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ग्लासगोचा मुक्काम यशस्वी म्हणता येत नाही. सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेतले ढीगभर गोल दुबळ्या संघांविरुद्धचे. रेंजर्सकडून तिच्या पहिल्या गोलचा महिना मी चुकवला. आणि शेवटी, “मॅडम, भावनेच्या भरात लिहिणं सोपं असतं. तुम्ही स्वतः बॉलला पाय लावलाय का कधी?”

आधी महिन्याचं. तुमचं बरोबर आहे. मदरवेलविरुद्धचा तो गोल डिसेंबर 2020 मधला, मी नोव्हेंबर लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. ती बदली खेळाडू म्हणून उतरली होती आणि सामना 9-0 असा एकतर्फी झाला होता, हेही मी लिहायला हवं होतं. चूक मान्य करायला मला जड जात नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

आता पायाचं.

मी कोल्हापूरची. तिथे हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. पाटाकडील आणि दिलबहार या गावातल्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमकडे जाणारी गर्दी बघून नवख्या माणसाला वाटतं, गावात जत्रा आहे. माझा थोरला भाऊ पेठेच्या टीमकडून खेळायचा. त्याचे चिखलाचे बूट धुण्याचं काम माझ्याकडे. बदल्यात मला संध्याकाळी गल्लीत खेळायला घ्यायचे, तेही गोलकीपर म्हणून, कारण दुसरं कुणी तयार नसायचं. आठवीत मी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे नाव द्यायला गेले, तर ते यादीवरून मान वर न करता म्हणाले, “फुटबॉलला मुलींची टीम नसते. खो-खोत जा.” गेले खो-खोत. पुढे कॉलेजात आम्ही अकरा जणी कशाबशा जमवल्या. मी सेंटर फॉरवर्ड. चार मॅच, गोल शून्य. हसा खुशाल. पण अर्धा अर्धा तास बॉल आपल्याकडे येतच नाही, मागून कुणी पास देत नाही, आणि मग आलेला एकमेव बॉल बारवरून जातो तेव्हा बाहेर उभी असलेली शहाणी माणसं काय बोलतात, हे मी ऐकलंय. तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच आवाज कानात आला.

म्हणजे लावलाय पाय. आणि समजा नसता लावला, तर? क्रिकेटवर लिहिणाऱ्यांना नेटमध्ये उभं करून कुणी तपासत नाही. या ब्लॉगवर मी पेलेवर लिहिलं होतं, मॅराडोना गेला तेव्हा लिहिलं होतं, तेव्हा कुणी माझे पाय पाहिले नाहीत. बाईने बाईच्या खेळावर लिहिलं की ती लगेच ‘भावनेच्या भरात’. त्या ‘मॅडम’मध्ये किती आदर होता ते तुम्हाला ठाऊक आणि मलाही.

रेंजर्सच्या गोलांबद्दल म्हणाल तर आकडा लहान आहे, मी कुठे नाही म्हणतेय? पण तो आकडा कोणत्या वयात आणि कोणत्या दिवसांत झाला ते बघायची तसदी घेतलीत का? मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबामची ही मुलगी. जन्म फेब्रुवारी 1990. रेंजर्सशी दीड वर्षाचा करार झाला तो 29 जानेवारी 2020 रोजी, म्हणजे तिशी पूर्ण व्हायला चार दिवस असताना. फॉरवर्डचं वय काय असतं हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी सांगायला नको. पुरुषांची राष्ट्रीय लीग आपल्याकडे 1996 मध्ये आली. बायकांच्या लीगची पहिली अंतिम फेरी कटकला झाली ती जानेवारी 2017 मध्ये, तेव्हा बाला सत्ताविशीला टेकली होती. तोवर ती मणिपूर पोलिसात नोकरी करत खेळत होती, मिळतील त्या स्पर्धा, मिळतील ती मैदानं. लीग मिळाल्यावर 2018-19 च्या मोसमात तिने मणिपूर पोलिसांकडून 26 गोल मारले. अंतिम सामन्यात सेतू एफसीकडून हरले ते, पण त्या 26 गोलांचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. त्यानंतर ग्लासगोत चाचणी, करार, दहा नंबरची जर्सी. आणि दीडेक महिन्यात करोनाने सगळं बंद. परक्या देशात, थंडीत, संघाबरोबर सराव नाही, सामने नाहीत. पुढे गुडघ्याची दुखापत. भारतातून परदेशात व्यावसायिक करार मिळवलेली ती पहिली महिला फुटबॉलपटू. तिच्या आधी त्या वाटेवर कुणी गेलेलं असतं, तर निदान स्वेटर किती न्यायचे हे तरी कुणी सांगितलं असतं.

एक अवांतर. मी आता नेरुळला राहते. जानेवारी 2022 मध्ये आशिया चषक आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि करोनामुळे तो मी टीव्हीवर पाहिला. इराणविरुद्ध आपल्या मुली संधीमागून संधी घालवत होत्या. 0-0. डीमध्ये शांत डोक्याने बॉल आत ढकलणारी एक बाई तेवढी हवी होती, आणि ती संघात नव्हती. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानविरुद्ध, उतरायला करोनामुळे पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि आपण स्पर्धेतून बाद. बाला असती तर गोल झालाच असता, असं मी छातीठोकपणे सांगते. सिद्ध करता येणार नाही, माहीत आहे. तुमचं ‘अपयश’ तरी कुठे सिद्ध होतंय?

सॅफ. हो, 2014 ला इस्लामाबादच्या स्पर्धेत तिचे एकटीचे 16 गोल होते. समोरचे संघ दुबळे? असतील. समोर जो येईल त्याच्यावरच गोल मारायचा असतो, ब्राझीलला बोलावून आणता येत नाही. या मुद्द्यावर मी आणखी वेळ घालवणार नाही.

बाकी लेखाची लांबी, परिच्छेदांची रचना वगैरे सूचना वाचल्या. ठीक.

ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला ती पुन्हा भारताच्या जर्सीत होती, वय 34, दुखापतीनंतर सर्वांनी गृहीत धरलेल्या निवृत्तीला न जुमानता. तिथे तिने आंतरराष्ट्रीय गोलांची पन्नाशी गाठली, असं करणारी पहिली भारतीय महिला. पाकिस्तानविरुद्ध. तुम्ही म्हणाल, पाकिस्तानच ना. म्हणा.

पुढची प्रतिक्रियाही मी छापेन, पण ‘मॅडम’ वगळून लिहा. आणि हो, तुम्ही स्वतः कुठल्या टीमकडून, कुठल्या पोझिशनला खेळायचात, तेवढं लिहायचं राहिलं बघा.