कुत्रा चावल्यानंतरचे दहा दिवस

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांनी आदेश बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतून कुत्री हटवायचा आदेश आला. तेव्हापासून आपल्याकडे वादाला दोनच बाजू आहेत. एक म्हणते सगळी उचला, दुसरी म्हणते हात लावू नका. टेक्सासमध्ये बसून हे वाचताना एकच गोष्ट खटकत राहते. चावा बसल्यावर पुढचे दहा दिवस कोणी काय करायचं, यावर कोणीच बोलत नाही. माणसाचा जीव वाचतो की जातो, हे तर त्याच दिवसांत ठरतं.

इथे प्रत्येक शहराला किंवा काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) रेबीज नियंत्रणाचा एक नेमलेला अधिकारी असतो. चाव्याची माहिती असलेल्या माणसाने ती त्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. चावलेलं कुत्रं किंवा मांजर 240 तास, म्हणजे दहा दिवस, निरीक्षणाखाली राहतं, खर्च मालकाचा. ‘आमच्याला इंजेक्शन दिलंय’ एवढ्यावर सुटका होत नाही. लसीची मुदत चालू असेल, चावला तेव्हा प्राणी मोकाट फिरत नसेल आणि बंदिस्त जागा अधिकाऱ्याला पसंत असेल, तर घरी ठेवता येतं. तरीही पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तपासणी होतेच. या काळात नवी लसही टोचत नाहीत, कारण लसीचा त्रास आणि रोगाची लक्षणं यांची गल्लत होऊ शकते.

दहाच दिवस का? कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो अगदी शेवटी, लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. चावताना लाळेत विषाणू असेल, तर ते कुत्रं दहा दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. हा हिशेब कुत्र्यामांजरांपुरताच. वटवाघूळ, कोल्हा किंवा स्कंक, रॅकून असे इथले रानटी प्राणी चावले तर इथे प्राणी मारून मेंदू तपासतात. त्यासाठी डोकं थंड ठेवायचं, गोठवायचं नाही आणि कवटी फुटू द्यायची नाही. आपल्याकडे पिसाळल्याचा संशय आला की जमाव काठ्यांनी नेमकं डोकंच ठेचतो. भीती खरी असते, पण निरीक्षणही हुकतं आणि मेंदूचा नमुनाही जातो.

मात्र इथलं सगळं उचलून तिकडे नेऊ नये. इथे कुत्रं निरोगी असेल आणि नजरेखाली असेल, तर डॉक्टर लस न देता दहा दिवस थांबू शकतात. कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज अमेरिकेतून संपल्याचं 2007 मध्ये जाहीर झालं, म्हणून ही मुभा आहे. भारतात थांबायचं नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची आणि निरीक्षण सोबत चालू ठेवायचं. पैशाच्या बाबतीत तर आपणच पुढे आहोत. इथे लस आणि सिरम (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) यांचं बिल हजारो डॉलरांत जातं. आपल्या सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, आणि ती त्वचेत 0.1 मिली दोन जागी, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात, त्यामुळे एका कुपीत अनेकांचं भागतं.

घोळ होतो तो सिरममध्ये. कातडी फाटून रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, कारण लसीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर विषाणूला जखमेतच अडवायचं काम सिरमचं. घोड्यापासून बनवलेल्या सिरमचं प्रमाण किलोमागे 40 युनिट. म्हणजे साठ किलोच्या माणसाला 2400 युनिट, एका मिलीत 300 असतील तर 8 मिली. ते जखमेत आणि तिच्या कडेने भरायचं असतं. सगळं कमरेत टोचून मोकळं झालं तर जखम उघडीच राहते. जखमा जास्त असतील तर सलाइन मिसळून सिरम वाढवायचं, पण एकही जखम सोडायची नाही. पहिल्या लसीला सात दिवस उलटल्यावर सिरम देत नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुणं! हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. टाके शक्यतो टाळायचे. घालावेच लागले तर सिरम भरल्यानंतर आणि सैल.

राहिला प्रश्न दहा दिवस लक्ष कोणी ठेवायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत संशयित पिसाळलेल्या कुत्र्याला पकडून वेगळं ठेवायची तरतूद आहे. चावलेल्या पण धडधाकट दिसणाऱ्या गल्लीतल्या कुत्र्यासाठी मला एक साधी व्यवस्था हवी आहे. केसपेपरवर तीन रकाने वाढवा: कुठे चावलं, कुत्रं दिसायला कसं, त्याला रोज खाऊ कोण घालतं. त्याची प्रत त्याच दिवशी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे गेली पाहिजे. रोज सकाळी पोळी घालणाऱ्या बाईंइतकं त्या कुत्र्याला दुसरं कोणी ओळखत नाही. खाणं सुटलं, आवाज बदलला, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, की त्यांनी जवळ न जाता फोन करायचा. दहाव्या दिवशी पशुवैद्यकाने येऊन पाहायचं आणि दवाखान्याला कळवायचं, म्हणजे पुढच्या डोसांचा निर्णय डॉक्टर माहितीवर घेतील. कुत्रं मधेच दिसेनासं झालं, तर ते पिसाळलेलंच होतं असं धरायचं आणि 28 व्या दिवसापर्यंतचे सगळे डोस पूर्ण करायचे.