नवनियुक्त प्राचार्यांस काही हितोपदेश

प्राचार्य महोदय, पदभार स्वीकारताच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 वाचायला घेऊ नये. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवायला सांगितले आहे आणि दिव्यांगाच्या गरजेनुसार करायची वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असेही स्पष्ट म्हटले आहे. एवढे वाचून झाले, की भल्या माणसाच्याही मनात अंमलबजावणीचे विचार येऊ लागतात.

जागांचे आपण मनावर घेऊ नये, कारण प्रवेश देणे सोपे असते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने तिसऱ्या मजल्यावरील वर्गात पोहोचायचे कसे, हा त्याचा खासगी प्रश्न आहे. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी अधिनियमाने दिलेली 5 वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली, त्यामुळे आता घाई करण्यात अर्थ उरलेला नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असेल, तर प्रवेशद्वाराशी एक रॅम्प अवश्य बांधावा. त्याचा उतार 1:12 हवा, म्हणजे 1 फूट उंचीला 12 फूट लांबी, असे मानक सांगते. पण जागेअभावी तो 1:4 झाला, तरी छायाचित्रात कळत नाही, आणि एरवी तिथे प्राध्यापकांच्या दुचाक्या छान उभ्या राहतात.

खरे कौशल्य परीक्षेच्या वेळी लागते. विद्यार्थ्याने आपली उत्तरे लिहून घेणारा लेखनिक मागितल्यास त्याचे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) हाती घेऊन, उलटसुलट पाहून, जिल्हा शल्यचिकित्सकांचा नवा दाखला मागावा. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेने दिलेल्या लेखनिकाशी 2 दिवस आधी भेटू द्यायचे असते. परंतु तसे केल्यास विद्यार्थ्याला लेखनिकाचे अक्षर आणि लेखनिकाला विषयातील संज्ञा कळण्याचा धोका संभवतो. त्यापेक्षा लेखनिक परीक्षेच्या दिवशी सकाळीच शोधावा, आणि गणिताच्या पेपरला शक्यतो असा, ज्याने समाकलनाचे चिन्ह कधी पाहिलेले नाही. त्याच सूचनांत ताशी किमान 20 मिनिटे, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास, वाढीव वेळ सांगितला आहे. तो कागदोपत्री जरूर द्यावा. मात्र पर्यवेक्षकाला जेवायला जायचे असते, हेही विद्यार्थ्याने समजून घ्यायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. हा निकाल ‘इतर’ असे लिहिलेल्या फाइलीत ठेवावा, आणि टक्केवारीचा आपला जुना तक्ता सूचना फलकावर तसाच राहू द्यावा.

दंडाचे म्हणाल, तर पहिल्या उल्लंघनाला तो जास्तीत जास्त 10,000 रुपये आहे. स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे भाडे याहून अधिक होते. पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला मात्र तो 50,000 पासून 5 लाखांपर्यंत जातो, म्हणून नकार कधीही लेखी देऊ नये. तोंडी नकार घेऊन पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाणे विद्यार्थ्याला जड जाते. एखादी मुलगी अर्जाची पोच आणि आवक क्रमांक मागू लागली, तर तिच्याशी वाद न घालता आवक-जावकचे टेबल त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर हलवावे.