टोपीचं भांडण

डिसेंबर आला की तिकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर तेच सुरू होतं: शाळेनं मुलांना सांताची टोपी का घालायला लावली? ईदला गोल टोपी घातली तर तेच लोक, आषाढीला दिंडी काढली तर दुसऱ्या बाजूचे. टोपीवरून रान पेटतं, त्या सणातलं मुलांना काय कळलं हे कुणी विचारत नाही.

आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये याचं उत्तर कायद्यातच आहे. 1988च्या कायद्याप्रमाणे स्थानिक पातळीवर ठरणाऱ्या आरईच्या (रिलिजस एज्युकेशन, म्हणजे धर्मांची ओळख करून देणारा विषय) अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरेचा वाटा मोठा, पण देशातल्या बाकी प्रमुख धर्मांनाही जागा द्यावी लागते. राजाच चर्चचा प्रमुख असलेल्या देशात हे चालतं! आपल्याकडे लोक घटनेच्या कलम 28कडे बोट दाखवतात. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे, हे खरंच. पण धर्मांविषयी माहिती देणं त्या मनाईत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगून टाकलंय. तरी आपण सुट्टी देऊन मोकळे होतो. बुद्धपौर्णिमा, बकरी ईद, महावीर जयंती, पारशी नववर्ष, महाराष्ट्राच्या यादीत सगळं आहे, आणि त्या दिवशी शाळा बंद.

इथल्या आरईच्या तासाची रीत साधी. शिक्षिका 'आपण मानतो' म्हणत नाही, 'बरेच हिंदू मानतात' म्हणते. आरती दाखवतात, मुलांकडून करून घेत नाहीत. मशिदीत गेलं तर बूट काढायचे, पण नमाजाच्या रांगेत उभं राहायचं नाही. एवढं करूनही पालकांना नको असेल तर मूल तासातून काढून घेता येतं, कारणही द्यावं लागत नाही. फक्त मशिदीच्या सहलीपुरतं काढून घेणारेही आहेतच.

पोरं रमतात ती मातीत, दिवाळीचा दिवा करताना. हवेत वाळणाऱ्या मातीचा मोठ्या लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं खड्डा करायचा, कडेला चिमटून वातीची चोच काढायची. बूड टेबलावर हलकेच आपटून सपाट करायचं, नाहीतर दिवा लवंडतो. वर्गात ज्योत चालत नाही, म्हणून आत बॅटरीची टीलाइट, छोट्या चपट्या मेणबत्तीसारखा दिवा. तिचा व्यास चार सेंटिमीटरच्या आसपास, पण खड्डा अर्धा सेंटिमीटर सैलच हवा. माती वाळताना आकसते, आणि मापात केलेल्या दिव्यात टीलाइट बसतच नाही. कड फार पातळ केली तर तडा जातो. वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून सोमवारी दिवा, बुधवारी रंग. खाऊ द्यायचा तर काजू-शेंगदाण्याला बंदी, आणि जेलीच्या गोळ्यांत जनावरांपासून केलेलं जिलेटिन असतं, ते मुसलमान मुलांनाही अडतं आणि आपल्या शाकाहारी पोरांनाही.

इथलं सगळंच साजूक आहे असं मुळीच नाही. सुमारे एक तृतीयांश सरकारी शाळा कुठल्या ना कुठल्या धर्माशी बांधलेल्या, आणि रोजची सामूहिक प्रार्थना मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी हा नियम अजून कागदावर आहे. दिवाळीचं म्हणाल तर बहुतेकदा राम, सीता आणि परतीची वाट. वसुबारस, पहाटेचं अभ्यंगस्नान, पायाखाली फोडलेलं कारिट, अंगणातला किल्ला, बळीराजा, यातलं काही नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटलेले शिखांचे गुरू हरगोबिंद आणि महावीरांचं निर्वाण क्वचितच. त्यातून दिवाळी हाफ टर्ममध्ये, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत आली, 2024ला बऱ्याच ठिकाणी आली तशी, की तास आधीच उरकला जातो. मग वर्गातल्या एकुलत्या हिंदू पोराला 'तू सांग' म्हणतात. ते इथंच जन्मलेलं, रामाचीच गोष्ट सांगतं, तीही शाळेतच ऐकलेली. आणि आम्ही, ज्यांना वसुबारस कधी आहे हे मोबाइलवर बघावं लागतं, घरी बसून शाळेला नावं ठेवतो.

दिवाळीचा तास हवाच म्हणून इथल्या मुख्याध्यापिकेला पत्र लिहिणारी आमच्यातलीच मंडळी पुण्याच्या शाळेतल्या ईदवर सगळ्यात तावातावानं लिहितात. इथे आपण मूठभर, म्हणून तो तास गोड लागतो. तिकडे आपण ढीगभर, मग तोच टोचतो.

तिकडे करायचं तर सुट्टीच्या आदल्या दिवसाचा एक तास पुरे. मुलांकडून प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. तो सण ज्यांच्या घरी होतो अशा दोन घरचे पालक बोलवावेत, एकच घर नको. रोजा सोडताना तुमच्याकडे काय खातात, याला दोन घरांतून दोन उत्तरं आली की मागच्या बाकावरचेही कान टवकारतात.