मशेरीने दात घट्ट होत नाहीत, आणि तंबाखू सुटते

व्हॉट्सॲपवर खाण्याच्या तंबाखूची बाजू घेणारा एक लांबलचक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. तंबाखूत धूर नाही, म्हणून ती बिडी-सिगारेटसारखी घातक नाही. ती आयुर्वेदातली औषधी वनस्पती आहे. तिने कॅन्सर होतो हे परदेशी लोकांनी ठरवलं, आपल्याकडे तसा एकही अभ्यास झालेला नाही. मशेरीने दात घट्ट होतात, तंबाखूने पोट साफ होतं, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बार भरत होते. सोडायचीच असेल तर साधी सुपारी खा, पण जुनी सवय एकदम मोडू नका, शरीराला झटका बसतो. आणि शेवटी हे पुढे पाठवायची विनंती.

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. खुर्चीत बसलेले लोक मला हा मजकूर मोबाइलवर वाचून दाखवतात आणि "मग हे खोटं आहे का?" असं मनापासून विचारतात. त्यांना थोडक्यात जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

"धूर नाही, म्हणजे धोका नाही"

तंबाखू चघळणाऱ्याच्या फुफ्फुसात धूर जात नाही, एवढं खरं आहे. पण कॅन्सर घडवणारी द्रव्यं फक्त धुरात असतात, हे खरं नाही. पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना तंबाखूतच नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. बार गालात धरला की ती तासन् तास त्याच जागी झिरपत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखूत कर्करोगकारक अशी किमान २८ द्रव्यं नोंदवली आहेत. माणसात कॅन्सर होतो हे ज्यांच्याबाबत सिद्ध झालेलं आहे, त्या पहिल्या गटात तिने ही तंबाखू ठेवली आहे. हा कॅन्सर तोंडाचा तर असतोच, शिवाय अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचाही असतो.

त्यात आपण चुना घालतो. चुना गालाची आतली त्वचा सोलतो, आणि त्याच्या अल्कपणामुळे निकोटिन लवकर मोकळं होऊन रक्तात उतरतं. मळलेल्या तंबाखूची तलफ इतकी घट्ट बसते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. हृदयाचंही तेच. ५२ देशांत झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला.

हा मुद्दा महाराष्ट्रात जास्त घातक ठरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत इथले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. 'सिगारेट वाईट, ही बरी' असं सांगणारा मजकूर नेमका आपल्या चौथ्या हिश्श्याच्या लोकांना निर्धास्त करतो.

"आयुर्वेदातलं औषध"

तंबाखू हे अमेरिका खंडातलं झाड. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते हिंदुस्थानात आलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरच्या दरबारातून अकबरापर्यंत पोहोचलं. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ते असण्याचा प्रश्नच येत नाही.

"भारतात एकही अभ्यास नाही"

हा मुद्दा फक्त मोबाइलवर फिरला असता तर सोडून दिला असता. पण २०१५ मध्ये, पाकिटांवरचं चित्र मोठं करायची वेळ आली तेव्हा, संसदेच्या एका समितीचे अध्यक्ष आणि अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी हेच जाहीरपणे मांडलं: तंबाखूमुळे कॅन्सर होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे परदेशातले आहेत. चित्राचा निर्णय त्या वर्षी लांबला. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा एप्रिल २०१६ पासून लागू झाला.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चघळण्याच्या तंबाखूबद्दल जगाला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं भारताने शिकवलं, कारण ही सवय आपल्याकडे आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी रुग्णांच्या सवयी तपासल्या. चघळणं, ओढणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारा त्यांचा लेख १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. खानोलकरांचं हे काम महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असं आहे. त्याच राज्यात 'अभ्यासच नाही' हे वाक्य खपतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेड्यांत उतरले. घरोघर जाऊन त्यांनी पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अहवाल १९६९ चा. त्यानंतर महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात, १,०१,७६१ गावकरी तपासले गेले; तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेरी आणि दातांचा आरसा घेऊन लाखावर माणसांची तोंडं पाहणं म्हणजे काय, हे रोज तोंडं पाहणाऱ्या माझ्यासारखीला चांगलं कळतं. या पाहण्यांमधून दिसलं ते असं की कॅन्सरच्या आधी येणारे पांढरे चट्टे मुख्यतः तंबाखूची सवय असणाऱ्यांच्या तोंडात असतात, आणि बहुतेक वेळा जिथे बार धरला जातो त्याच जागी असतात.

"मशेरीने दात घट्ट होतात"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो बायकांसाठी आहे. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, मुंबईच्या वस्त्यांत कितीतरी घरांत तव्यावर तंबाखू भाजून तिची काळी पूड केली जाते. सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूल पेटत नाही, असं बायका सांगतात. सुरुवात बहुतेक दातदुखीने होते. दाढ ठणकते, शेजारची वहिनी किंवा घरातली आत्या म्हणते, "थोडी मशेरी लाव, उतरेल." दुखणं थोडा वेळ बधिर होतं, हे खरं. दाढेतली कीड मात्र आत पोखरत राहते. पुढच्या ठणक्याला पुन्हा मशेरी, आणि काही महिन्यांत दुखणं नसतानाही दिवसातून तीन-चार वेळा.

दात घट्ट होत नाहीत, उलट उघडे पडतात. भरड पुडीच्या घासण्याने दाताची मान झिजते, हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात आणि दात शिवशिवायला लागतो. शिवाय भाजल्याने तंबाखू सौम्य होत नाही. भाजताना त्यात बेंझोपायरीनसारखी, धुरातच सापडणारी कर्करोगकारक द्रव्यं जास्तीची तयार होतात. दातांना तंबाखू चांगली असती, तर केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली नसती.

ती बाई गरोदर असेल तर प्रश्न तिच्या एकटीच्या तोंडाचा राहत नाही. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली, आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. माझी आशाताईंना कळकळीची विनंती आहे: नावनोंदणीच्या वेळी "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "मशेरी लावता का?" असं वेगळं विचारा. बायका मशेरीला तंबाखूत धरतच नाहीत.

"पोट साफ होतं"

निकोटिनने आतडं हलतं, म्हणून सकाळी चिमूटभर तंबाखू घेतल्यावर शौचाला होतं. पण मग आतडं त्या चिमटीची वाट पाहायला लागतं. सोडल्यावर पहिले काही दिवस पोट जड राहतं. भरपूर पाणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि थोडं चालणं, एवढ्याने ते बहुतेकांचं मार्गी लागतं.

"आजोबा नव्वदी गाठून गेले"

गेले असतील, आणि त्याचा आनंदच आहे. पण तंबाखू खाऊन पन्नाशीत गेलेल्यांची गोष्ट सांगायला ते स्वतः उरत नाहीत. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

"त्यापेक्षा साधी सुपारी खा"

हा सल्ला मैत्रीच्या सुरात येतो, म्हणून जास्त धोक्याचा. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. त्याच जागतिक संस्थेने तिलाही पहिल्या गटात घातलं आहे. विदर्भातला खर्रा, नगरकडचा मावा, गुटखा, पानमसाला या सगळ्यांत सुपारी आहे. तिने गालाच्या आत तंतू धरतात, गाल कडक होतो, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते आज पाहा. जात नसतील तर लगेच दाखवा. वीस-बावीस वर्षांची मुलं या तक्रारीने माझ्याकडे येतात आणि घास मावेल इतकंही तोंड उघडू शकत नाहीत. गालात धरलेले हे तंतू पुन्हा मऊ होत नाहीत. सुपारी थांबवली तर आजार वाढणं थांबू शकतं. २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या शरद पवारांनी सुपारीच्या सवयीबद्दल वेळीच सावध करणारं कुणी भेटलं नाही, ही खंत जाहीरपणे सांगितली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि पुड्या तरीही मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

"एकदम सोडली तर झटका बसतो"

दारूच्या जुन्या व्यसनात अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं. तिथली भीती तंबाखूला चिकटवली गेली आहे. तंबाखू अचानक सोडल्याने जीव जात नाही. त्रास मात्र होतो, तो नाकारणार नाही. चिडचिड, डोकं जड, झोप न लागणं, कामात लक्ष नसणं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड, आणि बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

'इतक्या वर्षांनी सोडून काय उपयोग' यालाही आपल्याच देशात उत्तर मिळालं आहे. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्यासाठी मदत केली गेली. सोडणाऱ्यांमध्ये पांढऱ्या चट्ट्यांचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. ती शेतकरी, मजूर माणसं होती आणि सवय वर्षानुवर्षांची होती.

सोडायची कशी? एक तारीख ठरवा आणि घरात सांगा. आदल्या रात्री डबी, पुडी, चुना, मशेरीचा डबा सगळं घराबाहेर काढा. आपल्याकडे तंबाखू एकट्याची नसते. एकाने मळायची आणि चौघांनी उचलायची. म्हणून बांधावरच्या, रिक्षा स्टँडवरच्या सोबत्यांना आधीच सांगा की महिनाभर माझ्यापुढे हात करू नका. तलफ आली की दहा मिनिटं थांबा. ती चढते आणि उतरते. तेवढ्यात पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, उठून दुसऱ्या कामाला लागा. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, ओवा किंवा लवंग ठेवा. मशेरीवाल्यांनी सकाळी उठल्या उठल्या ब्रश हातात घ्यावा, आणि दुखरी दाढ आधी दाखवून घ्यावी. मूळ कारणच गेलं तर निम्मं काम होतं.

रात्री बार गालात धरून झोपणाऱ्यांना निकोटिनच्या चघळायच्या गोळीची (निकोटिन गमची) मदत लागू शकते. ती २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. तंबाखू खाणारे तिला साध्या च्युइंगमसारखी सतत चावत राहतात, मग मळमळतं, उचकी लागते आणि 'सोसत नाही' म्हणून टाकून देतात. ती सावकाश चावायची, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची, असं साधारण अर्धा तास. हृदयाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चिठ्ठीवर मिळणारी औषधंही आहेत. मध्येच कधी एक चिमूट तोंडात गेलीच, तर सगळं फुकट गेलं असं मानू नका. त्याच दिवशी पुन्हा थांबा.

तोंडात न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर सोडण्याची तारीख येईपर्यंत वाट पाहू नका, आधी तपासून घ्या. आणि एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. तिचं एक केंद्र टाटा मेमोरियलमध्ये चालतं. तिथल्या समुपदेशकाला तुमची तारीख सांगून ठेवा, म्हणजे त्या अवघड दिवसांत ते स्वतः तुम्हाला फोन करतील.