'गोंगाट' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, आणि त्यांच्यातले कॅल्शियमचे संकेत यांवरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने प्रतिक्रिया आली आहे: "मायक्रोग्लियातलं कॅल्शियम म्हणजे नुसता गोंगाट. उंदरांवरचे प्रयोग माणसांच्या माथी मारू नका. दोन लेख चाळून कोणी विद्वान होत नाही."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. मतभेद खुशाल असू द्या. पण समोरच्या बाईने काय वाचलंय, काय केलंय याची चौकशीही न करता तिला हिणवायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात. पीएचडीची वर्षं मी अंधाऱ्या खोलीत फ्युरा-२ (कॅल्शियमप्रमाणे चकाकी बदलणारं रंगद्रव्य) भरलेल्या पेशी बघत काढली. ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकायचा, दोन्हींतल्या चकाकीचं गुणोत्तर काढत राहायचं. एटीपी हा पेशींना संकेत देणारा रेणू सोडला की काही सेकंदांत कॅल्शियमचा आलेख उसळतो. गोंगाट कोणता आणि संकेत कोणता, हे निदान मला तरी शिकवू नका.

पेशीच्या आत कॅल्शियम असतं सुमारे १०० नॅनोमोलर, म्हणजे अगदी कणभर, बाहेर त्याच्या जवळपास दहा हजारपट. हा फरक टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते. मेयो क्लिनिकच्या गटाने २०२० मध्ये जाग्या उंदरांच्या मेंदूत पाहिलं, तर एरवी मायक्रोग्लियात कॅल्शियमच्या लाटा अगदी तुरळक. कायनेट या चेतापेशींना चेतवणाऱ्या रसायनाने झटके आणले, चेतापेशी खवळल्या, लाटा वाढल्या. आयसोफ्लुरेनची भूल दिली, चेतापेशी मंदावल्या, तरी वाढल्या! आणि त्याही मुख्यतः पेशीच्या फांद्यांमध्ये. शेजारच्या चेतापेशी काय करताहेत त्याप्रमाणे बदलतो, त्याला गोंगाट म्हणायचं? त्याआधी, २००७ मध्येच, कोइझुमी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की इजा झालेल्या चेतापेशींकडून आलेलं यूडीपी हे रसायन मायक्रोग्लियावरच्या पी२वाय६ या ग्राहीवर (संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर) बसतं आणि मायक्रोग्लिया भक्षणाला लागतात. हा ग्राही पेशीच्या आतल्या साठ्यातूनच कॅल्शियम सोडवतो. यातला कुठला प्रयोग तुम्हाला पटत नाही, ते तुम्ही एका शब्दानेही सांगितलेलं नाही.

उंदरांचं म्हणाल, तर शीर्षकातच 'उंदरांच्या' हा शब्द घालायला हवा होता, मान्य. लेखात तो जागोजागी आहे. वाचला असतात तर दिसला असता.

यापुढे लिहाल तेव्हा कोणत्या प्रयोगाबद्दल बोलताय ते लिहा. नुसत्या शेरेबाजीला मी इथे जागा देणार नाही.